सागवानी विमान

सोनिका लोणारेला तो पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तेव्हा त्यासाठी ती एकटीच पात्र होती. दुसऱ्या वर्षीही एकटीच होती. तिसऱ्या वर्षी लकडगंजातून फोन वाजला, तेव्हा नाव पाहूनच तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "आई, जागा करून ठेव. परत देऊन राहिले."

पुरस्काराचं नाव एका दमात म्हणता येत नसे. 'कै. जिजाबाई हटवार स्मृती गगनवीरांगना सन्मान', आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'हवाई कसरतींच्या स्पर्धेत उतरलेल्या महिला वैमानिकांसाठी'. मोठ्या अक्षरांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. घोळ सगळा बारीक अक्षरांत होता. अशा बायका कुठे आणि किती, याचा विचार पुरस्कार काढण्याआधी कुणी केला नव्हता. काढल्यावर शोधाशोध झाली, आणि समितीला सापडली ती एकटी सोनिका. तीही लकडगंजापासून पाव तासावर, नंदनवनात.

नंदनवनातलं ते घर तिच्या वडिलांनी, धर्मेंद्र लोणारेंनी, टपाल खात्यात असताना बांधलं होतं. आजोबा धोंडबा छप्पन्न साली दीक्षा घेऊन परतले तेव्हा त्यांनी घरात एकच नियम केला होता: शिकायला कुणी निघालं तर त्याला अडवायचं नाही. नियम इतका जुना आणि पक्का होता की बारावीनंतर सोनिकानं वैमानिक व्हायचं म्हटलं, तेव्हा धर्मेंद्रभाऊंनी "कशाला" असं न विचारता "त्याचा अर्ज कुठं मिळते?" एवढंच विचारलं. शिष्यवृत्ती मिळाली. लायसन्स मिळालं. नोकरी तेवढी मिळाली नाही, कारण ज्या वर्षी ती तयार झाली त्या वर्षी विमान कंपन्या माणसं घेत नव्हत्या, असलेली काढत होत्या.

उड्डाणाचे तास वाढले तर पुढेमागे कुणी घेईल, म्हणून ती दक्षिण आफ्रिकेत एका लहानशा धावपट्टीवर जाऊन राहिली. तिथली शिक्षिका सत्तरीची होती, पायात गुडघ्यापर्यंत बूट आणि तोंडात कायम कसलीतरी गोळी. तिनं सोनिकाला दोनजणांच्या विमानात बसवलं आणि काही न सांगता विमान उलटं केलं. सोनिकाच्या पोटात आधी भीती उलटली, मग सकाळचा नाश्ता, आणि आठवडाभरानं काहीच उलटेना. उलट जमिनीवर उतरलं की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. डोक्यावर शेतं आणि पायाखाली आभाळ, अशा अवस्थेत तिला आयुष्यात पहिल्यांदा अगदी स्थिर वाटलं होतं. हे तिनं घरी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं दवाखान्यात नेलं असतं.

तिथल्या एका जिल्हापातळीच्या स्पर्धेत ती नवशिक्यांच्या गटात उतरली. खालून पंच पाहतात. प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण असतात. लूप, म्हणजे आभाळात काढलेलं उभं वर्तुळ, गोल झालं की चेपलं, विमान जिथं सरळ व्हायला हवं तिथं झालं की पुढं जाऊन झालं, हे पाहून ते गुण कापत जातात. सोनिकाचा लूप पंचांना अंड्यासारखा वाटला. गटात पाचजण होते. ती चौथी आली. पाचव्याचं इंजिन सुरूच झालं नव्हतं.

नागपुरात परतल्यावर एका वर्तमानपत्रानं 'नागपूरची लेक आकाशात उलटी' अशी बातमी छापली. नंबर कितवा आला ते जागेअभावी राहून गेलं. त्या बातमीवरून एक स्थळ आलं आणि त्या बातमीवरूनच गेलं. मुलाची आत्या म्हणाली होती, "लग्न झाल्यावर सरळ चालवाल ना?" सोनिका हसली, आणि ते हसणं तिकडच्यांना आवडलं नाही.

पुढं धर्मेंद्रभाऊ गेले. सोनिका वर्धा रोडवरच्या एका शिकवणीत वैमानिक होऊ पाहणाऱ्या पोरांना ढग, वारे आणि नकाशे शिकवायला लागली. तिची पोरं भराभर पास होऊन विमानं उडवायला लागली. ती स्कूटरवरून नंदनवन ते वर्धा रोड आणि परत, अशी जमिनीला धरून राहिली. पस्तिशी उलटली. उलटं उडण्याची गोष्ट गल्लीतले लोकही विसरले होते.

अशात एका रविवारी ओमप्रकाश हटवार दारात उभे राहिले.

ओमप्रकाशजी म्हणजे लकडगंजातले लाकडाचे व्यापारी. साग, साल, बीजा, काहीही मागा; लाकूड कापायच्या दोन आरामशिनी, आणि अंगाला भुशाचा असा वास की ते बसले त्या सोफ्याला तो संध्याकाळपर्यंत येत राहिला. सोबत पुतण्या सौरव होता. तो लग्नांत आणि उद्घाटनांत माइकवर बोलायचा धंदा करायचा आणि घरातही माइक धरल्यासारखाच बोलायचा.

"मले तुमची बातमी सापडली," ओमप्रकाशजी म्हणाले. "माह्या मायच्या नावानं पुरस्कार काढाचा हाय. उलट्या इमानाचा."

यमुताईंनी, म्हणजे सोनिकाच्या आईनं, चहा ठेवता ठेवता विचारलं, "उलट्या इमानाचाच काहून?"

मग ओमप्रकाशजींनी सांगितलं. जिजाबाईंना आकाशपाळण्याचं वेड होतं. रामटेकच्या जत्रेत सत्तरी गाठेपर्यंत त्या पाळण्यात बसायच्या, नातवंडं खाली रडत उभी राहायची. विमानात बसायची हौस होती, म्हणून मुलानं एकदा मुंबईला विमानानं नेलं. खिडकीची जागा दिली. उतरल्यावर विचारलं, कसं वाटलं?

"तं म्हन्ते, 'झालं? हे तं यष्टीपेक्षाही सरळ चाललं.' तिले वाटे, इमान म्हन्जे आकाशपाळण्याचा बाप. मंग आपल्या इथं हवाई दलानं कसरती दाखवल्या ना, तवा तिच्यानं उठवत नव्हतं. खुर्चीसकट गच्चीवर नेलं आम्ही. तिनं इमानं उलटी होताना पाह्यली. माह्याकडं पाहून म्हन्ते, 'हे. याच्यात बसाचं होतं मले. तू मले चुकीच्या इमानात बसवलं.'" ते थांबले. "त्याच थंडीत गेली."

यमुताईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग यमुताई म्हणाल्या, "पुरस्कारानं त्या बसन का आता?"

"आई," सोनिका म्हणाली.

"नाही, बरोबर बोलल्या," ओमप्रकाशजी म्हणाले. "नाही बसन. पन मले दुसरं काही सुचून नाही राहिलं."

या उत्तरापुढे सोनिकाला नाही म्हणता आलं नाही. आपण चौथ्या आलो होतो हे मात्र तिनं तेव्हाच सांगितलं. "चौथी तं चौथी," ओमप्रकाशजी म्हणाले. "उलटी झाली होती ना?"

समारंभ जिजाबाईंच्या पुण्यतिथीला, लकडगंजातल्या एका सभागृहात झाला. सौरवनं तिची ओळख "सुखोईच्या पोटात बसून शत्रूला धडकी भरवणारी रणरागिणी" अशी करून दिली. सोनिकानं माइकवर येऊन सांगितलं, मी हवाई दलात नाही, सुखोई मी लांबूनच पाहिलं आहे, आणि स्पर्धेत मी पाचांत चौथी आले होते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली उतरल्यावर एका गृहस्थानं तिचा हात धरून म्हटलं, "एवढी मोठी होऊनही किती नम्रता." त्यानंतर तिनं खरं सांगायचा नाद सोडला.

पुरस्काराचं चिन्ह म्हणून ओमप्रकाशजींनी आपल्याच आरामशिनीवर सागवानाचं विमान करवून घेतलं होतं. आधी हातभर करायचं ठरलं होतं. पण तुकडा इतका देखणा निघाला की कापायला जीव होईना. शेवटी जे विमान झालं ते उचलायला दोन माणसं लागली. पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. यमुताईंनी ते पुढच्या दाराशी ठेवलं. वाऱ्यानं दार आपटायचं ते थांबलं, एवढा पुरस्काराचा उपयोग त्यांनी मान्य केला.

दुसऱ्या वर्षी समितीनं जाहिरात दिली. एका हवाई सुंदरीचा अर्ज आला. सोयाबीनवर ड्रोननं फवारणी करणाऱ्या एका बाईंचा आला. सातपुड्यातल्या कुठल्याशा कड्यावरून छत्री बांधून उडी मारलेल्या कॉलेजच्या मुलीचा आला. ती उतरली होती बाभळीवर. यांतलं कोण बसतं ते जाणकार म्हणून ठरवायला समितीनं सोनिकालाच बोलावलं. तिनं एकेक अर्ज वाचून सांगितलं, यांतलं कुणीच बसत नाही.

"मंग बसते कोन?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

सोनिकानं अर्जांची चळत नीट केली. समितीनं तिला चहा प्यायला बाहेर पाठवलं, चहा संपायच्या आत परत बोलावलं आणि एकमतानं निवड झाल्याचं सांगितलं. समारंभात सौरव म्हणाला, "यंदा स्पर्धा अत्यंत चुरशीची होती." दुसरं सागवानी विमान पहिल्याहून थोडं मोठं होतं, कारण पहिल्याचं कौतुक झालं होतं.

म्हणून तिसऱ्या वर्षी फोन आला तेव्हा सोनिकानं स्पष्ट सांगितलं, "काकाजी, आता मला नको. लोक हसतात."

"कोन हसते?"

"मी हसते."

"मंग दुसरी आना," ओमप्रकाशजी म्हणाले. "मी कुठं नाही म्हन्तो? पन रिकामं नाही ठेवाचं. मायचं नाव हाय."

जाहिरात पुन्हा निघाली. या खेपेला एकच अर्ज कामाचा वाटला. रामटेकच्या वाटेवरच्या एका गावातली अपेक्षा बिसेन, नागपुरात बी.एस्सी.ला, एनसीसीच्या हवाई शाखेत. 'हवाई कसरतींच्या स्पर्धेत देशभरातल्या छात्रांमध्ये प्रथम', असं तिनं लिहिलं होतं. सोनिकानं ते दोनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण 'प्रथम' या शब्दावर तिची नजर जरा जास्त वेळ राहिली.

ती आईला स्कूटरवर मागे बसवून निघाली. यमुताईंना त्या निमित्तानं रामटेकचं दर्शन नको होतं, रस्त्यावरचा उसाचा रस हवा होता. अपेक्षाच्या घरामागं धान कापून झालेली बांधी, म्हणजे भाताचं खाचर, मोकळी पडली होती. मधोमध ती मुलगी उभी होती: ठेंगणी, ट्रॅकपँट, वेणी शर्टात खोचलेली. हातात पतंगाच्या चकरीसारखी एक मूठ. मुठीतून दोन बारीक पोलादी तारा निघाल्या होत्या, आणि लांब तिकडे तारांच्या टोकाला, जमिनीवर, एक विमान होतं. यमुताईंच्या सुपाएवढं.

"हे?" सोनिका म्हणाली.

"हो," अपेक्षा म्हणाली. "कंट्रोल लाइन म्हन्ते याले."

"आणि तू कुठे बसतेस?"

"मी कुठं बसन त्याच्यात?" तिनं सोनिकाकडे असं पाहिलं, जणू प्रश्न सोनिकानंच चुकीचा विचारला होता.

तिच्या काकानं शेपूट धरून ठेवलं, पंखा काठीनं फिरवला, आणि ते सुपाएवढं विमान मिक्सरसारखं किंचाळायला लागलं. धुराचा वास आला. यमुताईंनी नाक वर केलं. "एरंडेल हाय हे," त्या म्हणाल्या. "इमानाले एरंडेल पाजते का वं तू?"

"इंजिनाले लागते, आजी," अपेक्षा म्हणाली आणि मान हलवली. काकानं विमान सोडलं.

सोनिका हसायच्या तयारीत होती. विमान तारांच्या टोकाला गोल फिरत होतं आणि मधोमध ती मुलगी त्याच्याकडे तोंड ठेवून फिरत होती. घाण्याच्या बैलाला मध्ये उभं करून घाणा बाहेर फिरवावा तसं. मग अपेक्षानं मूठ जराशी मागे कलवली. विमान उभं चढलं, पाठीवर झालं, खाली आलं, आणि जिथून निघालं होतं नेमक्या त्याच उंचीवर सरळ झालं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तसंच, आधीच्या दोन वर्तुळांवर गिरवल्यासारखं. मग ते उलटंच राहिलं आणि दोन फेऱ्या उलटंच उडलं, खुंटांपासून हातभर उंचीवर. मग आडवा इंग्रजी आठ.

सोनिका आपोआप पंचासारखी मान वर करून पाहत होती. ती कोन मोजत होती. कापायला कुठे काही सापडत नव्हतं. तो लूप गोल होता, आणि गोल लूप तिनं स्वतः आयुष्यात काढला नव्हता.

विमान उतरल्यावर अपेक्षा चक्कर न येता चालत आली. "कसं झालं?" तिनं विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाली, "मॅडम, तुमचा कितवा आला होता?"

"चौथा."

"कितीत?"

"खऱ्या विमानात," सोनिका म्हणाली. विचारलेलं हे नव्हतं. "मला दे बरं एकदा."

अपेक्षानं क्षणभर विमानाकडे पाहिलं आणि मूठ दिली. पहिल्या दोन फेऱ्या सोनिकाला फक्त गरगरलं. मग हात बसला. एक लूप निघाला, अंड्यासारखा, पण निघाला. तिच्या अंगात ती जुनी आफ्रिकेतली सकाळ शिरली आणि तिनं विमान उलटं केलं. आत बसलेली असती तर काय करायचं ते हाताला पाठ होतं. पण ती बाहेर उभी होती. उलट्या विमानाला वर न्यायचं म्हणून तिनं मूठ मागे ओढली. उलट्या विमानाला ती पुढे कलवावी लागते; विमान सरळ बांधीत शिरलं.

आवाज फार झाला नाही. वाळकी काडी मोडावी तेवढाच.

अपेक्षा रडली नाही, रागावलीही नाही. जाऊन तुकडे गोळा करायला लागली. यमुताईही पदर खोचून तिच्या मदतीला गेल्या. सोनिका मूठ धरून वर्तुळाच्या मध्ये तशीच उभी होती.

"माफ कर," ती शेवटी म्हणाली.

"होते," अपेक्षा म्हणाली. "माही तं पाच गेली. फक्त मॅडम, पुरस्कार मलेच पाहिजे. नंतर म्हनसान, पोट्टी काही बोलली नाही."

परतताना रसाच्या गाडीवर यमुताई म्हणाल्या, "चांगली हाय पोट्टी. देऊन टाक तिले. आपल्या घरात जागा नाही."

आणि इथे सोनिकाचं तिला स्वतःलाच काही कळेना. दोन वर्षं जो पुरस्कार तिला गळ्यातल्या लोढण्यासारखा वाटला होता, त्याची बाजू ती आरामशिनीवरच्या समितीच्या बैठकीत अशी घेऊन बसली की सौरव तोंडाकडे पाहत राहिला. ती म्हणाली, महिला वैमानिक असं लिहिलं आहे. वैमानिक म्हणजे विमानात बसलेली. पोटात गोळा येतो तो कुणाच्या? जीव कुणाचा पणाला लागतो? ही मुलगी जमिनीवर उभी असते. उद्या कुणी पतंग उडवून येईल. पुरस्काराला काही दर्जा आहे की नाही?

"दर्जा," सौरव म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्हीच म्हणत होत्या हा पुरस्कार म्हणजे गंमत आहे."

"गेल्या वर्षी तो मला मिळत होता," सोनिका म्हणाली आणि आपण काय बोललो ते ऐकून थांबली.

सौरवला नवा चेहरा हवा होता. तिसऱ्यांदा तोच फोटो वर्तमानपत्रवाले घेणार नव्हते. ओमप्रकाशजी मात्र सोनिकाच्या बाजूला झुकत होते, आणि त्यांचं कारण वेगळं होतं. "मायले आत बसाचं होतं," ते म्हणाले. "बाहेरून तं तिनं गच्चीवरूनही पाह्यलं. बाहेरून पाहाचं दुःखच होतं तिले."

याला सोनिकाकडे उत्तर होतं, पण ती ते द्यायला तयार नव्हती. उलटं उडताना अपेक्षा जमिनीवर उभी होती खरी. पण ती जमिनीवर नव्हती. हे सोनिकाला त्या बांधीत पहिल्याच लूपला दिसलं होतं.

त्याच वेळी अपेक्षा आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. नवं विमान बनवायला घेतलं होतं, त्याचं अर्धं धड आणि एक पंख पिशवीत घालून ती थेट आरामशिनीवर पोचली होती. तिनं पंख ओमप्रकाशजींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सवयीनं, म्हणजे लाकूड उचलताना उचलतात तशा जोरानं, तो उचलला. हात एकदम खांद्यापर्यंत वर गेला आणि पंख जवळजवळ पंख्याला लागला.

"हे काय हाय?"

"लाकूड," अपेक्षा म्हणाली. "बाल्सा."

त्यांनी ते नखानं दाबलं. खूण उमटली. वास घेतला. कानाजवळ नेऊन टिचकी मारली. तळहातावर तोललं, मग नुसत्या एका बोटावर. चाळीस वर्षं त्यांनी लाकूड वजनावरून जोखलं होतं. जड ते चांगलं, हे त्यांच्या बापानं शिकवलं होतं आणि त्यावर दोन मजले उभे होते. बाहेर आरामशीन सागाचा बुंधा कापत होती, तिचा आवाज भिंतीतून येत होता.

"याले लाकूड म्हन्ते," ते स्वतःशीच म्हणाले. मग पंख हातात तसाच धरून त्यांनी सोनिकाकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्हीच सांगान ते खरं. ही पोट्टी उडते का नाही?"

सोनिकाला नाही म्हणता आलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं. अपेक्षा तिच्याकडे पाहतच नव्हती. ती ओमप्रकाशजींच्या हातातल्या पंखाकडे पाहत होती, की हे मोडतात की काय.

"उडते," सोनिका म्हणाली. "माझ्याहून चांगली."

तिसऱ्या समारंभाला सोनिका प्रमुख पाहुणी होती. सौरवनं अपेक्षाची ओळख "सुखोईच्या पोटात बसून" अशीच सुरू केली, कारण कागद तोच होता. अपेक्षानं काहीही दुरुस्त केलं नाही. शाल घेतली, सभागृहाकडे पाहून सलाम ठोकला आणि सागवानी विमान उचलायला सरळ आपल्या काकाला वर बोलावलं. टाळ्या सोनिकाच्या वेळेपेक्षा जास्त वाजल्या. सोनिकानंही वाजवल्या. घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहून तिनं स्वतःला विचारलं, की नेमकं काय गेलं आपलं? ज्याला ती हसत होती तेच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात पुरस्कार देणाऱ्या सोनिकाचा फक्त कोपरापर्यंतचा हात होता.

"हात बरा आला," यमुताई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सोनिका स्कूटर काढून रामटेकच्या रस्त्याला लागली. मोडलेल्या विमानाची भरपाई म्हणून तिनं बाल्साच्या पट्ट्या मागवल्या होत्या, त्या द्यायचं निमित्त होतं. दिल्या, आणि मूठ मागितली. अपेक्षानं या खेपेला आपलं सर्वांत जुनं, तीनदा सांधलेलं विमान काढलं. सोनिकानं तेही पाडलं. अपेक्षा म्हणाली, "ताई, तुम्ही मनातल्या मनात आत जाऊन बसता. बाहेरच राहा, इमानाकडं पाहा."

सोनिकाला बाहेर राहायला शिकायला पावसाळा गेला. बांधीत चिखल झाला तेव्हा त्या दोघी नंदनवनातल्या मैदानावर यायला लागल्या. सोनिका गरगरून खाली बसायची तेव्हा यमुताई लिंबूसरबत घेऊन जायच्या आणि विचारायच्या, "एवढं शिकून पोट्टी चकरा मारून राहिली. लोकायले काय सांगू?" तिच्या शिकवणीतल्या पोरांना कळलं. त्यांनी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत त्यांची वाऱ्यांच्या दिशा शिकवणारी मॅडम वाऱ्यानं तारा सैल पडल्यामुळं मैदानभर मागेमागे धावताना दिसत होती. तिनं तो पाहिला आणि काढून टाका म्हटलं नाही.

चौथ्या वर्षी जाहिरात निघाली तेव्हा समितीकडे दोन अर्ज आले. एक अपेक्षाचा, एक सोनिकाचा. सोनिकानं आपल्या अर्जात आफ्रिकेचा उल्लेख केला नव्हता; प्रकार या रकान्यात 'कंट्रोल लाइन' लिहिलं होतं. ओमप्रकाशजींनी तो अर्ज चष्मा पुसून वाचला.

"तुमालेच तं नको होता," ते फोनवर म्हणाले.

"हो, काकाजी."

"मंग?"

"आता पाहिजे."

दोघी पात्र असल्यामुळं समितीला पहिल्यांदाच खरोखर निवड करावी लागणार होती, आणि ती कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मैदानावर दोघींनी उडवून दाखवायचं ठरलं. एनसीसीचे एक निवृत्त अधिकारी पंच म्हणून आले. ओमप्रकाशजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सौरव माइक आणायचं विसरला होता, त्यामुळं सगळ्यांना विमानाचा आवाज ऐकू आला.

सोनिका आधी गेली. तिचा पहिला लूप बरा होता, दुसरा त्याहून बरा. उलटं उडताना तिचा हात एकदा मागे जायला निघाला आणि तिनं तो वेळेवर पुढे नेला. विमान खाली आलं ते चाकांवर आलं. यमुताईंनी खुर्ची सोडून, कुणी पाहत नाही असं बघून, दोन टाळ्या वाजवल्या.

मग अपेक्षाची पाळी. तिचा काका धानाच्या मळणीत अडकला होता, म्हणून विमान धरायला सोनिकाच वाकली. इंजिन पेटलं, एरंडेलाचा तुषार तिच्या चष्म्यावर उडाला. हातांत ते लाकूड थरथरत होतं, सुटायला धडपडत होतं. दूर मधोमध उभ्या असलेल्या अपेक्षानं मान हलवली.

ओमप्रकाशजी खुर्चीतून पुढे झुकून ओरडले, "मॅडम, घट्ट धरा, सुटून जाईन."

सोनिकानं ते ऐकलं आणि सोडून दिलं.